खिडक्या किती?

शुक्रवार उजाडला की फोटोवाल्याला भीती वाटायला लागायची. चाळिशी उलटलेला माणूस, स्वतःचं दुकान, गल्लीत चार लोक मान देतात. त्याने एका वाराला भ्यायचं कारण काय? तर कारण त्याच्या मोबाइलमध्ये होतं.

तो फोटोवेड्यांच्या एका गटात होता. रविवारी विषय मिळायचा, बुधवारपर्यंत त्यावर एकच फोटो टाकायचा आणि शुक्रवारी सगळ्यांनी एकमेकांच्या फोटोंवर बोलायचं. बोलायचीही रीत ठरलेली होती: एक दाद, एक टोचणी, एक प्रश्न. नुसतं 'वा, छान' लिहिलेलं चालायचं नाही. गट चालवणारे निवृत्त मास्तर म्हणायचे, "वा छान म्हणायला घरोघरी आया आहेत." टोचणी निमूट गिळायची, पण प्रश्नाला उत्तर द्यायचं, तेही खरं. आणि कुणी मागितलाच तर कच्चा फोटो दाखवायचा. कच्चा म्हणजे कॅमेऱ्यातून निघाला तसा, कसलाही हात न फिरवलेला.

या कच्च्या फोटोचीच त्याला धास्ती होती, कारण हात फिरवणं हाच त्याचा धंदा. दुकानात पांढरा पडदा, एक फिरतं स्टूल, छत्रीचे दोन दिवे आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. ओळखपत्राचे, नोकरीच्या अर्जाचे, स्थळांना पाठवायचे फोटो काढायचे आणि गिऱ्हाईक बाहेर बाकावर टेकलंय तोवर पुटकुळ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, चष्म्यावरची चमक, फ्लॅशने लाल झालेल्या बाहुल्या, सगळं साफ करून टाकायचं. "माणूस देवाघरचं तोंड घेऊन येतो आणि आमच्या दुकानचं घेऊन जातो," असं तो गिऱ्हाइकांना हसत सांगे. हात इतका बसला होता की चेहऱ्यावर काय खोट आहे हे डोक्याला कळायच्या आत बोटांनी ती पुसलेली असायची. गटात मात्र त्याला ही ओळख नको होती. तिथे तो कलावंत होता, निदान गुरुवार संध्याकाळपर्यंत तरी.

आणि त्याची सगळी कला एकाच गिऱ्हाइकावर चाले, ती म्हणजे ठकी. धाकट्या बहिणीची मुलगी, नुकतंच पाचवं लागलेलं. खरं नाव दप्तरावर लिहिलेलं होतं, तेवढंच. बहीण कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर, मेहुणे लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातले अर्धे दिवस रस्त्यात. त्यामुळे बालवाडी सुटली की ठकी मामाच्या दुकानात यायची, फिरत्या स्टुलावर गरगर फिरायची आणि चक्कर आली की मामाला दोष द्यायची. ती हल्ली मान डावीकडे वळवून, किंचित तिरपं बघायची. गटाला ही लकब भारी आवडली होती. 'काय ऐट आहे त्या मानेत!' असं खुद्द मास्तरांनी लिहिलं होतं. तेव्हापासून मामा कॅमेरा उचलला की म्हणायचा, "ठके, मान तशीच. हलायचं नाही. शाबास!"

या आठवड्याचा विषय होता 'जवळून'. त्याने ठकीला दुकानाच्या एकुलत्या एका खिडकीशी बसवलं, सवयीने फ्लॅशही मारला, आणि नुसता चेहराच पकडला: कपाळ, नाक आणि दोन मोठाले डोळे. यंदा वाचनालयाच्या सभागृहात गटाचं प्रदर्शन भरायचं होतं. हा फोटो तिथे दारातच लागणार, अशी त्याची मनातल्या मनात खात्री होती.

शुक्रवारी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. ठकी पडद्यामागे बसून एका बाहुलीला रागावत होती. मोबाइल टिंगटिंगला, आणि तो एकेक अभिप्राय वाचू लागला. दाद बरी होती. टोचण्याही सोसण्याजोग्या. एका दंतवैद्याने लिहिलं होतं की हनुवटी कापायला नको होती. मामाने मनातल्या मनात त्याचेच दोन दात पाडले आणि पुढे गेला.

मग नकाशावालीचा अभिप्राय आला. ही बाई एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. फोटो कुणाचाही असो, कशाचाही असो, ती आधी भिंती आणि दारं मोजायची, म्हणून गटाने तिचं नाव तसं ठेवलं होतं. तिने लिहिलं होतं: 'दाद: त्वचेचा पोत सुरेख. टोचणी: डोळे फार स्वच्छ, बाहुलीचे वाटतात. प्रश्न: दोन्ही डोळ्यांत खिडकीचं प्रतिबिंब कानाच्या बाजूला आहे. एका खिडकीचं असतं, तर दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला पडलं असतं. या खोलीत खिडक्या किती?'

मामाच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण खिडकी एकच होती. मंगळवारी फोटो साफ करताना उजव्या डोळ्याची बाहुली फ्लॅशने नेहमीसारखी लाल आली होती, ती त्याने काळी केली. डावी मात्र पांढुरकी आली होती, दुधाचा थेंब पडल्यासारखी. फ्लॅशची चमक, दुसरं काय! डाव्या डोळ्याशी झटापट करण्यापेक्षा त्याने साफ केलेला उजवा डोळाच उचलला, उलटा केला आणि डावीकडे चिकटवला. उलटा केल्यावर डोळ्यातली खिडकीही उलटणार, एवढं त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आजवर कुणाच्याच आलं नव्हतं. दुकानात कोण डोळ्यात डोळे घालून खिडक्या मोजत बसतंय?

चोराच्या मनात चांदणं. त्याला वाटलं, सगळ्या गटाला आत्ताच्या आत्ता कळलं असणार. त्याने घाईघाईने 'दोन' असं लिहिलं, पाठवलं नाही, खोडलं. तेवढ्यात मास्तरांचं आलंच: 'प्रश्न मार्मिक. कच्चा फोटो बघायला आवडेल.'

आता आली का पंचाईत! पण धंद्यातला माणूस, त्याला लगेच तोड सुचली. ठकीला पुन्हा तिथेच बसवायचं, तसाच फोटो काढायचा, फक्त या वेळी चमक येऊ द्यायची नाही. तो फोटो कच्चा म्हणून टाकला की झाकली मूठ सव्वा लाखाची.

"ठके, ये गं. एक फोटो काढू."

"कालच काढला की."

"काल नाही, मंगळवारी. बस. बिस्कीट देतो."

ती बसली. त्याने फोटो काढला. डावी बाहुली पांढरी. त्याने फ्लॅशचं तोंड छताकडे केलं. पांढरी. भिंग शर्टाच्या टोकाने पुसलं, मग खास कापडाने पुसलं. पांढरीच. त्याने ठकीला दुसऱ्या बाजूला तोंड करून बसवलं, स्टूल मागे नेलं, पुढे आणलं. फ्लॅशला चार शिव्या घातल्या, तो काढूनच ठेवला आणि नुसत्या खिडकीच्या उजेडात काढला. मग बाहुली पांढरी नव्हती, पण काळीही नव्हती, राखाडी होती. शेवटी कपाटातला जुना कॅमेरा काढला, ज्याने त्याने दुकान सुरू केलं होतं आणि ज्याने त्याला कधी दगा दिला नव्हता. त्यानेही तेच दाखवलं.

कॅमेरा बदलला, दिवा बदलला, जागा बदलली. न बदललेली गोष्ट एकच उरली होती आणि ती स्टुलावर बसून बिस्किटाची वाट बघत होती. मामाने कॅमेरा खाली ठेवला आणि फार दिवसांनी ठकीच्या डोळ्यात कॅमेऱ्याशिवाय पाहिलं. नीट उजेडात आणली की दिसत होतं. डाव्या बाहुलीत, आत, धुकं होतं.

"आपण एक गंमत करू," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "मी तुझा एक डोळा झाकतो, तू माझी बोटं मोज."

त्याने तिचा डावा डोळा तळव्याने झाकला. ठकीने फटाफट सांगितलं: तीन, एक, पाच. पाचाला तर ती वैतागलीच, "हे सोप्पंय!" मग त्याने उजवा झाकला आणि दोन बोटं धरली.

ठकीने हात पुढे करून हवेत चाचपडलं.

"मामा, तू कुठे गेलास?"

"इथेच आहे गं."

"मग दिवा का बंद केलास?" आणि तिने त्याचा हात झटकून टाकला. मामा दिसल्याबरोबर तिला हसू आलं, आणि मामाला काही केल्या हसता येईना.

बहीण येईपर्यंतचा वेळ त्याने कसा काढला ते त्याचं त्यालाच माहीत. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना 'दिवा बिघडलाय' सांगून परत पाठवलं. मग कॉम्प्युटरवर बसून त्याने ठकीचे सगळे कच्चे फोटो उघडले. तो कच्चे फोटो कधी टाकून देत नसे, ही एक त्याची चांगली सवय. वर्षभराचे विषय एकामागून एक समोर आले. 'पाणी'च्या आठवड्यात दोन्ही बाहुल्या लाल. 'कंटाळा'मध्ये दोन्ही लाल. 'पायरी', 'लपाछपी', दोन्ही लाल. मग 'वाट बघणं' आलं, तेव्हा डाव्या बाहुलीत एक फिकट कोर होती. पुढच्या 'सावली'त ती वाढली होती. त्यापुढच्या एकूण एक फोटोत पांढरं होतं, आणि ते एकूण एक पांढरं त्याने स्वतःच्या हाताने काळं केलं होतं. मान वळायला लागली तीही तेव्हापासूनच. आपल्याला मेलं हे दिसलं कसं नाही, असं म्हणायचीही सोय नव्हती. दिसलं होतं. दिसल्याशिवाय कुणी पुसतं का? ते सगळे फोटो त्याने मोबाइलवर घेतले. कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं.

बहीण आली तीच घाईत, केसांत दोऱ्याचे तुकडे अडकलेले. त्याने तिला बाजूला घेतलं.

"अगं, ठकीच्या डाव्या डोळ्यात काहीतरी पांढरं दिसतंय. उद्या सकाळीच दाखवून येऊ."

"पांढरं? म्हणजे काय?" तिने तिथेच ठकीला उजेडाकडे वळवलं. तिचा चेहरा उतरला. "अरे देवा. दादा, हे कधीपासून आहे रे?"

आता सांगायचं. तोंड उघडलंही होतं. पण बहिणीच्या घरातली भिंत त्याच्या डोळ्यांसमोर आली, तिच्यावर ओळीने लावलेले त्याचेच फोटो, ज्याला मास्तरांची दाद मिळेल तो छापून फ्रेम करून दिलेला. पाहुणे आले की ती कौतुकाने दाखवायची.

"आजच दिसलं," तो म्हणाला.

रात्री तिने नवऱ्याला फोन केला आणि मग दादाला तीनदा. तिसऱ्यांदा ती फक्त एवढंच म्हणाली, "काही नसेल ना रे?" तो म्हणाला, काही नसेल. झोप दोघांनाही आली नाही.

शनिवारी सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात गर्दी होती, पण समोरच्या टेबलावरच्या बाईने ठकीकडे एकदा बघितलं आणि नंबर पुढे घेतला. यानेच बहिणीचा धीर सुटला. डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी तपासलं, थेंब घातले आणि बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बाहेर बसायला सांगितलं. डोळ्याच्या आतला पडदा बघायचा आहे, म्हणाल्या. एक वाईट शक्यता आधी बाजूला करायची आहे, असंही म्हणाल्या. ती शक्यता कोणती ते त्यांनी सांगितलं नाही आणि या दोघांनी विचारलं नाही.

बाहेर बाकावर बहीण ठकीला मांडीवर घेऊन बसली. मामाने मोबाइल काढला. गटात मास्तरांचं 'उत्तराची वाट बघतोय' पडलं होतं. त्याने लिहिलं: 'खिडकी एकच.' खाली मंगळवारचा कच्चा फोटो जोडला आणि पाठवून दिला. मोबाइल लगेच टिंगटिंगू लागला, एकदा, दोनदा, मग थांबेचना. त्याने न वाचता आवाज बंद केला. कालपर्यंत ज्या टिंगटिंगसाठी जीव टांगणीला लागायचा, तिची आज त्याला कटकट वाटली.

आत बोलावणं आलं. डॉक्टरीणबाईंनी डोक्याला दिवा लावून बराच वेळ पाहिलं, यंत्राने पाहिलं, पुन्हा दिव्याने पाहिलं. खोलीत फक्त ठकी बोलत होती. मग त्या मागे टेकल्या.

"ज्याची भीती होती ती गाठ नाही. आधी श्वास घ्या बरं दोघं." बहिणीच्या घशातून एक विचित्र आवाज आला. "हा मोतीबिंदू आहे. लहान मुलांनाही होतो. काढता येतो, आत भिंग बसवता येतं. पण आता मला एक सांगा, आणि विचार करून सांगा. हे पांढरं कधीपासून आहे?"

"कालच दिसलं, डॉक्टर," बहीण म्हणाली. "ह्याला दिसलं. हा माझा भाऊ."

"काल दिसलं, पण कालचं नाही ते. मी का विचारतेय सांगते. हे जन्मापासूनच असेल, तर हा डोळा बघायला कधी शिकलेलाच नाही. मग ऑपरेशन करूनही फार उपयोग होत नाही, मेंदूच त्याला ओळखत नाही. पण मधेच कधीतरी आलं असेल, तर डोळा शिकलेला आहे, नुसता विसरत चाललाय. त्याच्यासाठी भांडता येतं. जुने फोटो आहेत का हिचे? फ्लॅशचे?"

"आहेत ना! ढीगभर!" बहिणीच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. तिने पर्समधून मोबाइल काढला. "ह्याचाच तर धंदा आहे. दर आठवड्याला काढतो. हे बघा, दोन्ही डोळे कसे स्वच्छ आहेत. हा गेल्या महिन्यातला. हा मागच्या आठवड्यातला. म्हणजे अगदी आत्ता आत्ताच झालंय, हो ना?"

डॉक्टरीणबाईंनी फोटो बघितले, मग ठकीच्या डोळ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मागच्या आठवड्यात स्वच्छ? शक्य नाही. हे फोटो जसेच्या तसे आहेत का?"

ठकीने टेबलावरचा पेपरवेट फिरवला, तो गरगरत मामाच्या हाताशी येऊन थांबला.

"नाहीत," मामा म्हणाला. त्याने आपला मोबाइल टेबलावर ठेवला. "जसेच्या तसे ह्यात आहेत. पहिल्यापासून."

डॉक्टरीणबाई एकेक फोटो सरकवत गेल्या. लाल, लाल. दोन्ही लाल. 'वाट बघणं'पाशी त्यांनी थांबून फोटो मोठा केला, मग पुढे गेल्या, मग परत मागे आल्या. बहीण त्यांच्या खांद्यावरून बघत होती. आधी तिला कळलं नाही. मग तिने आपल्या मोबाइलमधला तोच फोटो काढला आणि दोन्ही मोबाइल शेजारी शेजारी धरले.

"जन्मापासूनचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वर्षाच्या सुरुवातीला हा डोळा चांगला होता. ही फार मोठी गोष्ट आहे. येत्या आठवड्यातच ऑपरेशन करू. पुढे चांगल्या डोळ्याला रोज पट्टी बांधायची, ह्याला कामाला लावायचं, ती रडेल, तुम्हालाही रडवेल. मधले महिने गेले ते गेले. किती परत येईल याचा शब्द आज देत नाही."

बाहेरच्या बोळात बहीण भिंतीला टेकून उभी राहिली. ठकी मामाच्या उजव्या कडेवर होती. थेंबांमुळे तिच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की डोळे निव्वळ काळे दिसत होते, फक्त डाव्यात मधोमध ते पांढरं. आता ते कुणालाही दिसलं असतं.

"दादा," बहीण हळूच म्हणाली, "तुला दिसलं नव्हतं का रे?"

हो म्हणावं की नाही, असा प्रश्न आता राहिला नव्हता.

"दिसलं होतं गं," तो म्हणाला. "म्हणून तर पुसलं."

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर त्याहून बरं वाटलं असतं. पण तिने केसांत कालपासून अडकलेला दोऱ्याचा तुकडा ओढून काढला, बोटाला गुंडाळला, सोडवला आणि म्हणाली, "मी तारीख ठरवून येते. धर तिला नीट. तिला नीट दिसत नाहीये." आणि ती आत गेली.

मामा ठकीला घेऊन तिथेच उभा राहिला. ठकीने त्याच्याकडे बघायला मान वळवली, अगदी तश्शी, डावीकडे, तिरपी, ऐटबाज. त्याला सगळं आठवलं. मान तशीच. हलायचं नाही. शाबास.

"मामा, तू रडतोयस?"

"नाही गं. थांब जरा."

त्याने तिला उजव्या कडेवरून उचललं आणि डाव्या कडेवर घेतलं, म्हणजे तिच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला त्याचा चेहरा आला. ठकीने त्याला नीट न्याहाळलं, गालावर बोट टेकवून ओलं लागतंय का ते पाहिलं, आणि तिची मान आपोआप सरळ झाली.